उजेडाची वाटणी

मांदावे, सेबू
१४ जानेवारी २००७

प्रिय इंदाय,

साठी ओलांडलेल्या बाईला अजून 'इंदाय', म्हणजे धाकटी, म्हणायचं का, असं माझ्या लेकीने, मारिबिकने मला विचारलं. मी म्हटलं, ती ऐंशीची झाली तरी मी तिचा मानोय, थोरला भाऊच राहणार, नाइलाज आहे. तेव्हा सहन कर.

सुखरूप पोचलो. बोटीत एका बाईने मला बसायला जागा दिली आणि लगेच विचारलं, "आजोबा, खुब्यात स्क्रू घातलाय का?" माझ्या चालण्यावरून ओळखलं म्हणे. तिच्या सासऱ्यालाही घातलाय. आता माझी ओळख ही एवढीच.

फोन करू नकोस. कानात यंत्र घातलं तरी फोनवरचं बोलणं मला पाण्याखालून आल्यासारखं वाटतं, आणि तू तर ओरडतेस. पत्रच लिही. तुझं अक्षर वाईट आहे, पण निदान ते ओरडत नाही.

माझं रान मी तुझ्या भरवशावर सोडून आलोय हे विसरू नकोस. तुझ्या कानीकपाळी ओरडून झालंय, तरी पुन्हा लिहितो. एकाही झाडाची फांदीसुद्धा तोडायची नाही. कॉलेजच्या मिस ओराइस या महिन्यात बुंधे मोजायला येतील. त्यांना कॉफी दे, वरच्या वाटेने ने. ओढ्याकाठच्या कोपऱ्यात नेऊ नकोस. तिथे तुझ्या वहिनीने, तोराने वाटेल ते लावून ठेवलंय, सगळं गचपण आहे. पाहुण्यांना दाखवायची जागा नव्हे ती.

आणि मोजमाप झालं की दोन्हीकडचे आकडे कळव. माझ्या बावीस जाती एकीकडे आणि ओढ्यापलीकडची तुझ्या नवऱ्याची महोगनीची पलटण एकीकडे. इस्लाव बिचारा देवाघरी गेला, पण त्याचे शिपाई अजून 'सावधान'मध्येच उभे आहेत. त्यांना कोणीतरी 'विश्राम' सांगा.

मारिबिकचं घर चौथ्या मजल्यावर आहे. खिडकीतून दुसरी खिडकी दिसते.

तुझा मानोय,
क्लेतो


कांताबाय, लेयते
६ फेब्रुवारी

मानोय,

माझं अक्षर वाईट म्हणणाऱ्याने पाकिटावर माझं आडनाव चुकवलंय. पोस्टमनने ते पत्र आधी गावठाणातल्या ग्लिसेरियाला दिलं. तिने वाचलं आणि मग सगळ्या गावाने वाचलं. आता सगळे मला "इंदाय" म्हणतात. चर्चमधले पाद्रीसुद्धा.

मिस ओराइस येऊन गेल्या. सोबत कॉलेजची दोन पोरं, हातात फिती. तीन वर्षांपूर्वी ज्या बुंध्यांवर पिवळा रंग लावला होता, तेच पुन्हा मोजले. संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून त्यांनी बेरजा केल्या. मी तांदळाचं बुदबुद केलं होतं. ती पोरं केळीच्या पानांसकट खातील की काय असं वाटलं.

तर ऐक. बसून वाच, नाहीतर स्क्रू निसटेल.

पलटण जिंकली.

तीन वर्षांत इस्लावचे शिपाई तुझ्या बावीस जातींपेक्षा जास्त जाड झालेत. थोडेथोडके नाही, चांगलेच. मिस ओराइस म्हणाल्या, "पण त्यात एक गोष्ट आहे…" आणि पुढे बरंच काही बोलल्या, पण मी तोवर उठले होते. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी तुझ्याशी काहीतरी जिंकलेय. 'पण' ऐकायला कोण थांबतंय? मी ओढा ओलांडून गेले आणि पहिल्या रांगेतल्या शिपायाला थोपटलं. इस्लाव असता तर गावाला माडी पाजली असती.

तू अकरा वर्षं मला काय काय ऐकवलंयस, आठवतंय ना? "एकाच जातीचं रान म्हणजे एकाच पोराचं नाव दहादा घेतल्यासारखं." आता घे नाव.

पायाला तेल लावतोस का? मारिबिकला म्हणावं, भात जरा मऊ कर.

सेरिया


मांदावे
२३ फेब्रुवारी

सेरिया,

आकडे मिळाले. अभिनंदन.

मी विचार केला. अकरा वर्षं हा काही थोडा काळ नाही. मी आणि तोराने एका आठवड्यात तो सगळा उतार लावला. रोपवाटिकेतून रोपं पाठीवर वाहिली. लावान, याकाल, नारा, बागालुंगा, जी मिळतील ती. लोक हसले. तोरा म्हणायची, "हसू देत, हे वाढलं की सावलीला इथेच येतील." ती गेली तेव्हा झाडं माझ्या खांद्याएवढी होती. मी म्हटलं, ठीक आहे, मी बघेन. आता बघायलाही डोंगर चढता येत नाही, आणि बघण्यासारखं काही नाही असं तुझ्या फितीच सांगतायत.

मारिबिकच्या ओळखीत एकजण जमीन शोधतोय. मी तिला म्हटलं, विचार त्याला. तो काय महोगनी लावेल ती लावू दे. ती वाढते म्हणे.

पाय बरा आहे.

क्लेतो


कांताबाय
९ मार्च

मानोय,

तुझं पत्र वाचलं आणि हातातलं सुकटाचं ताट मांजराने पळवलं तरी मला कळलं नाही. बिनसाखरेचं पत्र लिहितोस होय मला? "सेरिया" म्हणतोस? तुझं लग्न ठरलं तेव्हाही तू मला सेरिया म्हटलं नव्हतंस.

मी गंमत केली. मला वाटलं तू उलटून चार शिव्या घालशील. तू तर जमीनच विकायला काढलीस! असलं जिंकणं मला नको रे.

दुसऱ्या दिवशी तडक बस पकडून कॉलेजात गेले. मिस ओराइसना म्हटलं, "तुमचा तो 'पण' अर्धा राहिला होता. तो पुरा करा." त्या हसायला लागल्या. म्हणाल्या, "मानांग, तुम्ही तेव्हा नाचत होतात." मी नाचत नव्हते. चालत होते जरा जोरात.

तर आता तो 'पण' ऐक.

त्यांनी तुझा उतार एकच म्हणून नाही मोजला, तुकडे पाडून मोजला. मधल्या मोठ्या भागात झाडं खरंच अडली आहेत. का? तर तू बावीस पाहुणे बोलावलेस, पण सगळ्यांना एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून, एका ताटावर बसवलंस. बागालुंगा आधी हात घालतात. ते सरसर वर गेले, वर जाऊन फांद्या पसरल्या, आणि खाली तुझे लावान नि याकाल छत्रीच्या काड्यांसारखे बारीक होऊन उजेडाची वाट बघतायत. लहान असताना त्यांना सावली लागते म्हणे, पण जन्मभर नाही. जाती पुष्कळ आहेत, पण उभ्या कशा आहेत, कोण उंच, कोण ठेंगणा, कोण म्हातारा, कोण तान्हा, कोणाच्या डोक्यावर आभाळ आहे आणि कोणाच्या डोक्यावर शेजारी, हे बघितल्याशिवाय नुसत्या जाती मोजून उपयोग नाही, असं त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "आणि माझी पलटण?" म्हणाल्या, सुरुवातीला जोमाने वाढली, आता तिचंही तेच. कडेचे शिपाई गुटगुटीत, आतले काटक्या. खाली गवताचं पातं नाही. पाऊस झाला की ओढ्याला चहासारखं पाणी येतं, ते माझ्याच बाजूने. हे मी तुला सांगणार नव्हते. पण तू रुसलायस म्हणून सांगते.

आता मुद्द्याची गोष्ट. सगळ्या डोंगरात, तुझ्या नि माझ्या मिळून, सगळ्यात जोरात वाढलेली जागा कोणती असेल?

ओढ्याकाठचा कोपरा.

हो, तेच गचपण. मी त्यांना वरच्या वाटेने नेलं होतं, अगदी तू सांगितलंस तसं, पण त्या बाईला पाय आहेत, ती आपली आपण खाली उतरली. तिथे वादळात दोन झाडं पडली होती ना, त्या जागी तोरा रोपं खोचत राहिली. एका वर्षी दोन, पुढच्या वर्षी चार. म्हणून तिथे थोराड आहेत, मधले आहेत, पोरं आहेत, खाली केळीसारखी अबाकाची पानं आहेत, आणि प्रत्येकाला आपापल्या वाटणीचा उजेड मिळतो. तुझ्या नेटक्या उतारापेक्षा आणि इस्लावच्या पलटणीपेक्षा तोराचा कोपरा भारी पडलाय.

मिस ओराइस हेही म्हणाल्या की त्यांनी थोडेच डोंगर मोजलेत, सगळीकडे असंच असेल असं त्या शपथेवर सांगणार नाहीत. तरी त्यांचा सल्ला आहे की मधले काही बागालुंगा काढावेत. मी विचारते. काढू का?

तुझी इंदाय


मांदावे
२८ मार्च

इंदाय,

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा मारिबिकला वाचायला दिलं. ती म्हणाली, "आई रोपं कुठून आणायची?" मी म्हटलं, रोपवाटिकेत टाकून दिलेली. वाकडी, मोडकी. एप्रनच्या खिशात घालून आणायची. मी चिडायचो. "तोरा, रोपवाटिका आहे का अनाथाश्रम?" ती म्हणायची, "एवढंसं तर आहे, कुठेतरी खोचते." मी तिला तो कोपरा दिला तो केवळ तिने बाकीच्या रांगा बिघडवू नयेत म्हणून.

आता तू मला सांगतेस की तोच वाढला. ती असती तर मला महिनाभर जेवताना ऐकवलं असतं. तू तिचं काम चोख करतेयस.

मारिबिकला मी म्हटलं, त्या माणसाला जरा थांबायला सांग. नाही म्हटलेलं नाही, थांब म्हटलंय.

पण करवतीचं नाव काढू नकोस. ते बागालुंगा मी आणि तिने हाताने लावलेत. पहिल्या वर्षी सगळी रोपं मान टाकून बसली होती तेव्हा तेच तेवढे हसत होते. माझ्या जिवात जीव असेपर्यंत त्यांच्या अंगाला दात लागायचा नाही. दुसरा काही उपाय असेल तर मिस ओराइसना विचार. खत घाला म्हणावं.

इथे बरं आहे. मारिबिक कामावर जाते, मी समोरच्या खिडकीतल्या बाईचं वाळत घातलेलं बघतो. तिची एक पिवळी चादर आहे.

मानोय


कांताबाय
११ एप्रिल

मानोय,

तुझा हिशेब मला कळला नाही. झाडं कापायची नाहीत, पण जमीन विकायची? तो माणूस जमीन घेऊन तुझ्या बागालुंगांना काय हाताने भरवणार आहे? अख्खा उतार एका दुपारी आडवा करील आणि तुझ्या लाडक्यांची खोकी होतील. तुला तिथे खिडकीत बसून कळणारही नाही.

पिवळ्या चादरीकडे कमी बघ. मारिबिकला कळलं तर ती तुला पाचव्या मजल्यावर ठेवील.

खत घालणार नाही. उजेड पोत्यात मिळत नाही.

इंदाय


कांताबाय
१७ जून

प्रिय मानोय,

बरेच दिवस लिहायला झालं नाही. रागावलास का? इथे गावजत्रा होती, मग माझी कंबर धरली, मग चर्चच्या बाकांचं काम निघालं. वेळ कसा गेला कळलं नाही.

सगळं छान आहे. पाऊस वेळेवर आला. मका चांगला झाला, तुझ्या उतारावर पसरून वाळवला. तुझ्या घराच्या पायऱ्या कुजल्या होत्या, त्या नव्या करून घेतल्या. बाजूला धरायला कठडा लावलाय. तू कधी आलास तर खुब्याला त्रास नको. सुताराने लाकूड चांगलं घासलंय, हाताला लोण्यासारखं लागतं.

तोराच्या कोपऱ्यात पांढऱ्या टोपीचा पक्षी दिसला. नाव ठाऊक नाही.

मारिबिकला आणि पिवळ्या चादरीला नमस्कार.

इंदाय


मांदावे
३ जुलै

इंदाय,

पत्र आलं, आनंद झाला. दोन महिने तू गप्प होतीस. इतकी गप्प तू जन्मल्यापासून एकदाच होतीस, बाबांची होडी वाहून गेली तेव्हा. आणि तेव्हा दोर तूच सोडला होतास.

म्हणून विचारतो. मका माझ्या उतारावर वाळवला म्हणतेस. कुठे? तिथे दुपारी बाराला दिवा लावावा लागतो. मक्याला कोंब फुटायचे तिथे.

दुसरं, पायऱ्यांना लाकूड कुठून आणलंस? बाजारातून आणलं असतंस तर भाव काय पडला, दुकानदार कसा लबाड आहे, त्याची बायको कशी आहे, हे सगळं दोन पानं लिहिलं असतंस. तू एक ओळ लिहिलीस.

मारिबिक म्हणते मी संशयी आहे. मी म्हटलं, तू तिला लहानपणी पाहिलं नाहीस.

मानोय


कांताबाय
२० जुलै

प्रिय मानोय,

मक्याचं काय विचारतोस! वाटेच्या कडेला ऊन असतं थोडं. मका थोडाच होता.

लाकूड ओळखीतून मिळालं. चांगल्या घरचं आहे.

मिस ओराइस परवा येऊन गेल्या. तुझ्या तब्येतीची चौकशी करत होत्या. खूश दिसल्या. कशावर ते मी काही विचारलं नाही.

आज फार लिहीत नाही, चुलीवर भात आहे.

इंदाय


कांताबाय
(ओढ्याच्या अलीकडून, रिकाम्या भांड्यातून)
९ सप्टेंबर

सेरिया,

मी आलोय हे तुला कळलंच आहे, कारण काल रात्री दारात मासळीचं कालवण ठेवून तू पळून गेलीस. दार वाजवलं नाहीस. साठी ओलांडलेल्या बाईला पळताना मी पहिल्यांदा पाहिलं.

न कळवता आलो कारण कळवलं असतं तर तू आणखी काहीतरी 'नवं करून' ठेवलं असतंस. मारिबिक धक्क्यापर्यंत सोबत आली, मग मोटारसायकलवाला. पायऱ्या मी एकटा चढलो. कठडा धरून. आणि तुझ्या सुताराची मनापासून स्तुती केली. मोटारसायकलवाल्याला म्हटलं, "बघ, काय लाकूड आहे! कशाचं असेल रे?" तो गावातलाच. तो म्हणाला, "तुमच्याच बागालुंगाचं ना, मानोय."

म्हणजे मी माझ्याच झाडाचा हात धरून घरात आलो.

कालवण चांगलं होतं. भांडं परत पाठवतोय. तुझ्याशी बोलायचं नाही, म्हणून लिहितोय.

क्लेतो


(त्याच भांड्यातून, आता आत तांदळाचा गोड बिबिंका)
९ सप्टेंबर, दुपारी

मानोय,

बोलू नकोस. खा.

हो, कापले. एप्रिलमध्येच. तुझं पत्र आलं आणि मी वनखात्याच्या कचेरीत गेले. जमीन अजून बाबांच्या नावावर आहे, म्हणून माझ्याही सहीला किंमत निघाली. साहेबाने विचारलं, "भाऊ कबूल आहेत?" मी म्हटलं, "ते सेबूला आहेत." हे खोटं नव्हतं.

सगळे नाही कापले. मिस ओराइसनी उतार फिरून खुणा केल्या. जे दुसऱ्यांच्या डोक्यावर बसले होते तेवढेच. बाकीचे आहेत, जाऊन बघ. कापताना मला वाईट वाटलं नाही असं समजू नकोस. पहिला पडला तेव्हा सगळं रान एकदम उजळलं आणि मी तिथेच खाली बसले. करवतवाल्याला वाटलं मला लागलं. त्याने पाणी आणून दिलं.

पायऱ्या, कठडा, चर्चचे चार बाक. एकही काटकी बाहेर गेली नाही.

तुला विचारलं होतं, तू नाही म्हणालास. मी ऐकलं नाही. रागावायचं तेवढं रागाव. पण तू तिथे चौथ्या मजल्यावर पत्रागणिक लहान होत चालला होतास. आधी दोन पानं लिहायचास, मग एक, मग चादर. इकडे परत यावंसं वाटेल असं काही उतारावर राहिलं नसतं तर तू आला नसतास. मला शेजारी हवा होता रे. इस्लाव गेल्यापासून मी ओढ्यापलीकडे बघून भांडते ते तुझ्याशीच.

बिबिंका जरा करपलाय. चुलीचा दोष.

इंदाय


(भांडं नाही; कुंपणाच्या तारेत अडकवलेलं)
१४ सप्टेंबर

इंदाय,

भांडं अजून मला लागणार आहे, म्हणून ठेवून घेतलं.

तीन दिवस मी घरातून निघालो नाही. चौथ्या दिवशी काठी घेऊन उतारावर गेलो. सावकाश. खुंट बघायचे नाहीत असं ठरवून गेलो आणि पहिल्याच खुंटावर बसलो, कारण खुबा दुखत होता. बसायला चांगला आहे.

मग वर बघितलं. गेली काही वर्षं त्या रानात वर बघितलं की नुसतं हिरवं छप्पर दिसायचं. आता तिथे आभाळाचा तुकडा आहे आणि त्या तुकड्याखाली याकाल. तोच, तोराने लावलेला, ज्याला मी कायम हिशेबातून वगळायचो, कारण दरवर्षी तो तेवढाच. त्याला नवा शेंडा फुटलाय. तांबूस, लवलवीत, माझ्या हाताएवढा लांब. मी काठीने त्याला शिवायला गेलो आणि पोचलो नाही. इंदाय, मी त्याच्यापर्यंत पोचलो नाही.

मी तिथे किती वेळ बसलो ठाऊक नाही. तोराला जे सांगायचं होतं ते सांगितलं. तुझं नाव त्यात आलं, आणि सगळं चांगलंच नव्हतं.

मग कोपऱ्यात उतरलो. तिथली रोपं दाटीवाटीने उगवलीत. लावानची, अबाकाची, एक फणसही आहे. काढून दुसरीकडे लावण्याजोगी आहेत. उतारावर तू केलेल्या खिंडारांत जागा आहे, तिथे दरवर्षी थोडी लावत जाऊ. एकदम नाही. ते मला आता कळलं.

मारिबिकला लिहिलंय की त्या माणसाला नाही म्हणून सांग. ती रविवारी येणार म्हणाली. बहुधा मला घेऊन जायला. येऊ दे, तिला खुंटावर बसवतो.

आता तुझ्याबद्दल. तू माझ्या रानात मला न विचारता करवत चालवलीस. ठीक आहे. काल तू बाजारात गेलीस तेव्हा मी ओढा ओलांडला. पाण्यातून नाही, घाबरू नकोस, पुलावरून. इस्लावच्या पलटणीत शिरलो. आत अंधार, पायाखाली नुसता पाचोळा आणि सगळे शिपाई एकाच उंचीचे, एकाच चेहऱ्याचे, कोणालाच धड जेवण नाही. मला त्यांची दया आली. मिस ओराइसनी केलं तसं मी केलं. तोराचा एक जुना लाल परकर फाडून पट्ट्या केल्या आणि पाच शिपायांना बांधल्या. हे पाच काढायचे. त्यांच्या जागी आपल्या कोपऱ्यातले लावान लावायचे.

तुला विचारलं नाही. कसं वाटतं?

तुझा मानोय,
क्लेतो


(कुंपणाच्या तारेत)
१५ सप्टेंबर, सकाळी

मानोय,

पहिल्या रांगेतला तो डावीकडचा इस्लावने आमच्या लग्नाच्या वाढदिवशी लावलेला आहे. त्याची पट्टी मी सोडली. त्याच्या मागच्याचीही सोडली, कारण त्याच्यावर घुबडाचं घरटं आहे, तुला म्हाताऱ्याला दिसलं नसेल.

तिघांच्या पट्ट्या तशाच आहेत. त्यातल्या एकाची गाठ सैल होती, ती मी घट्ट बांधली.

भात झालाय. पुलावरून ये.

इंदाय